मराठवाड्यात मानसिक उपचार घ्यायचेत? जात, तांडा, मोहल्ला समजून घेणारा माणूस कसा शोधायचा

मन ठीक नाही, मदत घ्यायचीय, पण समोरच्या डॉक्टरला किंवा समुपदेशकाला आपलं जगणं कळेल का, ही धास्ती आहे. अशा लोकांसाठी हा लेख आहे. बौद्ध वस्तीतले, मातंग वाड्यातले, बंजारा तांड्यावरचे, पारधी बेड्यावरचे, मुस्लिम मोहल्ल्यातले, सगळ्यांसाठी. मी बीड जिल्ह्यातल्या एका बौद्ध वस्तीतला. शिकायला छत्रपती संभाजीनगरला आलो आणि तिथंच उपचारांना सुरुवात झाली. मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं ते इथे क्रमानं लिहितो.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. मनासारखा समुपदेशक मिळेपर्यंत उपचार लांबवू नका. जो जवळ आहे त्याच्याकडे सुरुवात करा. पण ज्याला तुमच्या जगण्याचा अर्धा भाग ऐकायचाच नाही, त्याच्याकडे अडकून पडायची गरजही नाही.

हा विचार फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत काळ्या माणसांना रोज सोसावे लागणारे बारीकसारीक अपमान साठत जाऊन मन आणि शरीर पोखरतात, हे चेस्टर पिअर्स या काळ्या मनोविकारतज्ज्ञानं १९७० साली मांडलं. त्याच्याही आधी फ्रान्झ फॅनन हा काळा मनोविकारतज्ज्ञ अल्जीरियातल्या ब्लिदाच्या मनोरुग्णालयात काम करत होता. युरोपी पद्धतीचे उपक्रम मुस्लिम पुरुष रुग्णांना लागू पडेनात, तेव्हा त्यानं वॉर्डात कॅफे सुरू केला, त्यांचे सण साजरे केले, गोष्टी सांगणारा माणूस बोलावला. आज कॅनडा-अमेरिकेत वंशभेद सोसणाऱ्या समाजांसाठी त्यांची संस्कृती जाणून उपचार करणं ही वेगळी शाखाच झाली आहे. आपल्याकडे जातीच्या बाबतीत हे काम अजून कोवळं आहे. शिवाय फरकही आहे. तिथं कातडीचा रंग लपत नाही. इथं जात विचारून काढली जाते. "आडनाव काय? गाव कुठलं? गावात कुठल्या बाजूला?" त्यामुळे आपल्यातले कित्येक जण वर्षानुवर्षं काहीतरी झाकत जगतात, आणि झाकून ठेवण्याचा तो शीण समुपदेशकाला दिसला नाही तर निम्मा आजार त्याच्या नजरेतून सुटतो.

१. आजची रात्रच जड जात असेल तर

जगू नये असं वाटत असेल तर बाकीचा लेख नंतर वाचा. १४४१६ वर फोन लावा. ही केंद्र सरकारची टेली-मानस सेवा आहे, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. चोवीस तास चालू, फुकट, आणि मराठीत बोलता येतं. तो नंबर लागला नाही तर १८००-८९१-४४१६. जिवाला धोका झालाच असेल तर १०८ ची रुग्णवाहिका बोलवा, नाहीतर जवळच्या सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात जा.

घरच्यांसाठी: शेतातलं फवारणीचं औषध घरात असेल तर ते आजच्या आज दुसऱ्याच्या घरी ठेवा. ही खबरदारी किरकोळ वाटते, पण त्या एका घटकेत हाताशी काय आहे यावर जीव जातो की राहतो हे ठरतं. आणि त्या माणसाला रात्री एकटं झोपू देऊ नका.

पोलीस केसच्या भीतीनं लोक दवाखान्यात नेत नाहीत. पारधी घरांत तर ही भीती फार खोल आहे, आणि का असू नये? इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्यानं जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या, तो कायदा १९५२ ला गेला तरी पोलिसांची नजर गेली नाही. म्हणून हे माहीत असू द्या: मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम ११५. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच कायदा धरून चालतो. त्यासाठी त्याच्यावर खटला भरून शिक्षा करायची नाही, उलट त्याची काळजी घेणं, उपचार आणि पुनर्वसन करणं हे सरकारचं कर्तव्य आहे.

२. त्रास आपल्या शब्दांत लिहून काढा

दवाखान्यात गेल्यावर जीभ टाळ्याला चिकटते. म्हणून आदल्या दिवशी वहीच्या एका पानावर लिहा. लिहिता येत नसेल तर मोबाईलवर बोलून ठेवा. 'डिप्रेशन', 'ॲन्झायटी' असे शब्द वापरायची काही गरज नाही. "मन लागंना", "जीव घाबरतो", "छातीत धडधडतं", "हातपाय गळतात", "डोक्यात मुंग्या येतात", "अंगाची आग होते", "दिल घबराता, नींद नै आती" हेच लिहा. बंजारा असाल आणि गोरमाटीत जे नेमकं सांगता येतं ते मराठीत येत नसेल, तर गोरमाटीतच लिहा आणि अर्थ सांगायला सोबत माणूस न्या.

त्याखाली चार गोष्टी टिपा. कधीपासून? झोप आणि भूक कशी आहे? हे कशामुळे झालं असं तुम्हाला वाटतं? आणि आतापर्यंत काय काय करून पाहिलं? यात गावातल्या डॉक्टरनं "कमजोरी आहे" म्हणून लावलेली सलाईनही आली, मेडिकलवरून परस्पर आणलेल्या झोपेच्या गोळ्याही आल्या, दारूही आली आणि भगताचा उताराही आला. काही लपवू नका. झोपेच्या काही गोळ्यांची सवय लागते आणि त्या एकदम बंद केल्या तर त्रास वाढतो, म्हणून डॉक्टरला ते कळायलाच हवं.

ऊसतोडीला जाणाऱ्या बायांसाठी खास सांगतो. गर्भपिशवी काढली असेल तर पहिल्याच भेटीत सांगा. त्यात अंडाशयंही काढली असतील तर शरीरातले हार्मोन एकदम घटतात. घाम फुटणं, झोप उडणं, चिडचिड, उदासी हे त्यानंही होतं. बीड जिल्ह्यात अशा शस्त्रक्रिया किती झाल्या याची २०१९ मध्ये सरकारला समिती नेमून चौकशी करावी लागली. तरीही तुम्ही सांगितलं नाही तर मनाच्या दवाखान्यात बहुतेक कुणी हे विचारणार नाही.

३. कुणाकडे कशासाठी जायचं

मनोविकारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्र शिकलेला डॉक्टर. गोळ्या हाच लिहून देतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ चाचण्या घेतो आणि बोलण्यातून उपचार करतो. त्याची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते, आणि नोंदणी क्रमांक विचारला तर राग यायचं कारण नाही. समुपदेशक ही पाटी मात्र कुणीही लावताना दिसतं. कुणी समाजकार्यात एम.एस.डब्ल्यू. करून चांगलं प्रशिक्षण घेतलेलं असतं, कुणी दोन दिवसांचं शिबिर करून आलेलं असतं. शिक्षण कुठे झालं आणि हाताखाली शिकवणारं कोण होतं, हे विचारूनच बसा.

झोप-भूक पार गेली असेल, कानात आवाज येत असतील, संशय वाढला असेल किंवा जगू नये असं वाटत असेल तर आधी डॉक्टर. उदासीवरच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्तही. आठवडाभरात "काही फरक नाही" म्हणून सोडू नका, आणि बरं वाटलं म्हणूनही स्वतःच्या मनानं बंद करू नका. जातीचा त्रास गोळीनं जात नाही हे खरं आहे. पण झोप परत आली की त्या त्रासाशी भिडायचं बळ येतं.

४. जायचं कुठे

आपल्या आठही जिल्ह्यांत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची माणसं असतात. जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात 'मनोविकार विभाग कुठं आहे' एवढं विचारा. संभाजीनगरला घाटी रुग्णालय आहे. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालय, नांदेडचं शंकरराव चव्हाण महाविद्यालय आणि लातूरचं विलासराव देशमुख महाविद्यालय इथेही मनोविकार विभाग आहेत. राज्यातली जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला. म्हणजे त्यांतलं आपल्याकडे एकही नाही. पण बहुतेकांना भरती व्हायची गरजच नसते, बाह्यरुग्ण विभागात काम होतं.

सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. घाटीसारखी महाविद्यालयांची रुग्णालयं वेगळ्या खात्याखाली येतात, तिथे केसपेपरला किरकोळ पैसे लागू शकतात. सकाळी लवकर जा. ओपीडीत गर्दी असते आणि डॉक्टरला तुमच्यासाठी पाच-सात मिनिटंच मिळतात. तेवढ्यात मनातलं सगळं बोलून होत नाही, म्हणून त्या विभागातल्या मानसशास्त्रज्ञाची किंवा समाजसेवा अधीक्षकाची वेगळी वेळ मागा. मागितल्याशिवाय मिळत नाही.

गाव लांब असेल तर आशाताईंना विचारा, जिल्ह्याचं पथक तालुक्याला कुठल्या वारी येतं हे त्यांना बहुधा ठाऊक असतं. पण आशाताई त्याच गावच्या, कदाचित वरच्या आळीतल्या. त्यांना नुसतं "डोकं दुखतं, झोप नाही, तारीख सांगा" म्हणालात तरी चालतं.

फोनवर बोलायचं असेल तर टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची आयकॉल सेवा आहे, नंबर ९१५२९८७८२१. दलित-बहुजन-आदिवासींच्या मानसिक आरोग्यासाठी उभा राहिलेला 'द ब्ल्यू डॉन' हा गटही आहे. जात समजणारे थेरपिस्ट मिळवून द्यायचं काम त्यांनी केलं आहे. ऑनलाइन थेरपीत पुण्या-मुंबईची माणसं मिळतात, पण दर तासाला हजाराच्या घरात जाऊ शकतो. उत्पन्नानुसार फी कमी करणारे पुष्कळ आहेत. संकोच न करता विचारा.

५. सोबत काय न्यायचं

- आधार कार्ड, केसपेपरसाठी
- जुन्या चिठ्ठ्या, रिपोर्ट, आणि सध्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं (बीपी, शुगर, थायरॉईडचीसुद्धा)
- वर सांगितलेलं वहीचं पान
- एक विश्वासाचं माणूस. नवरा, सासू किंवा वडीलच असले पाहिजेत असं नाही
- मोबाईल चार्ज करून, आणि वाट पाहावी लागते म्हणून डबा-पाणी

जातीचा दाखला लागत नाही. कुणी मागितलाच तर "कशासाठी?" असं विचारा.

सोबतचं माणूस आत बसलं की बायांना बोलता येत नाही, आणि सासूच सगळी उत्तरं देते. "मला थोडा वेळ एकटीशी बोलायचंय" हे वाक्य घरून पाठ करून जा. डॉक्टर ऐकतात.

६. पहिल्या भेटीत तुम्हीही विचारा

मला वाटतं सगळ्यात जास्त लोक इथेच मागे सरतात. आपण समोरच्याला साहेब म्हणायला शिकलेली माणसं, प्रश्न विचारायची सवय नाही. पण समुपदेशन ही तासन्‌तास चालणारी गोष्ट आहे. आधी चाचपून घेतलं नाही तर महिने वाया जातात.

हे विचारता येईल: "माझ्या त्रासात जातीचा भाग आहे. या विषयावर तुम्ही लोकांसोबत काम केलंय का?" दुसरं: "मी सांगितलेलं इथून बाहेर जाईल का? लिहून काय ठेवता?" तिसरं, मुस्लिम असाल तर: "मी मोहल्ल्याबद्दल, पोलिसांबद्दल, दंगलीबद्दल बोललो तर तुम्हाला ऐकायला जड जाईल का?" उत्तरापेक्षा चेहरा बघा. चांगला माणूस "फार अनुभव नाही, पण मला समजून घ्यायचंय, तुम्ही सांगा" असं मोकळेपणानं म्हणतो. हे उत्तर चालेल. "मी जात मानतच नाही, माझ्यासाठी सगळे सारखे" हे उत्तर कानाला बरं वाटतं, पण त्याचा अर्थ बरेचदा 'हा विषय इथं काढू नका' असाच निघतो.

अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१३ साली आपल्या निदानग्रंथात सोळा प्रश्नांची एक मुलाखत घातली. तुमच्या लोकांत या त्रासाला काय म्हणतात, तुमच्या मते तो कशामुळे झाला, तुमच्या ओळखीतली कुठली गोष्ट त्रास वाढवते आणि कुठली आधार देते, आधी कुणाकडे गेला होतात, आमच्यात आणि तुमच्यात गैरसमज होईल असं वाटतं का, अशा धर्तीचे प्रश्न त्यात आहेत. तुमच्या डॉक्टरनं यातलं काही आपणहून विचारलं तर तो हा विषय शिकलाय असं समजा. नाही विचारलं तर याच प्रश्नांची उत्तरं आपणच देऊन टाका.

७. ऐकणारा माणूस कसा ओळखायचा

एक प्रसंग सांगतो. संभाजीनगरला मी खोली बघायला गेलो. घरमालकीण चांगल्या होत्या, पाणी दिलं, खोली दाखवली, किल्लीही हातात ठेवली. मग आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "अगं बाई, भाच्याला द्यायचीय, विसरलेच की मी." आणि हात पुढे केला, किल्लीसाठी.

हा प्रसंग मी एका समुपदेशकाला सांगितला. ते म्हणाले, "तुम्ही असं गृहीत का धरता? खरंच भाचा असेल. मनाला वाईटच विचार करायची सवय लागलीय, ती मोडू या." मी त्या तासाला आणखी काही बोललो नाही.

पुढे दुसऱ्या एका ताईंना तोच प्रसंग सांगितला. त्यांनी भाच्याचा विषयच काढला नाही. त्यांनी विचारलं, "किल्ली परत देताना तुम्ही काय म्हणालात?" मी म्हणालो, "सॉरी म्हणालो." मग त्या बराच वेळ त्या 'सॉरी'बद्दल बोलत राहिल्या. सॉरी कुणी म्हणायला हवं होतं? लहानपणापासून अशी किती ठिकाणी म्हटली? आडनाव सांगायची वेळ आली की अंगात कुठं काय होतं?

या दोघांतला फरक नीट समजून घ्या, कारण तुमच्याही वाट्याला हे येईल. बोलून उपचार करण्याची जी पद्धत सध्या सगळीकडे शिकवतात, तिच्यात चुकीचा विचार पकडून तपासायचा असतो. पद्धत चांगली आहे. पण कुठला विचार तपासायचा हे कळायला हवं. 'मला आडनावामुळे खोली नाकारली' हा विचार तपासत बसू नये, ते घडलंय. 'नाकारली, म्हणजे माझ्यातच काही कमी आहे' हा विचार तपासायचा असतो. पहिल्यावर शंका घेणारा समुपदेशक नकळत घरमालकिणीच्या बाजूला जाऊन बसतो.

आणखी काही खुणा. तुम्ही जयंतीच्या मिरवणुकीचं, बुद्धवंदनेचं बोललात आणि समोरचा म्हणाला, "रोज सकाळी देवाला दिवा लावत जा, मन शांत होईल," तर त्याला तुमचं घरच माहीत नाही. तुम्ही उर्दू वळणाचं बोलता म्हणून कुणी तुमच्याशी मोठ्यानं, सावकाश, लहान मुलाशी बोलावं तसं बोलत असेल, तर तेही लक्षात ठेवा. तुम्ही चिडून बोललात आणि फाईलवर लगेच 'आक्रमक' लिहिलं गेलं, तर का लिहिलं ते विचारा. तांड्यावरच्या बाईला "मुलं शाळेत का नाही ठेवली?" असं रागावणाऱ्याला ऊसतोडीतली उचल (मुकादमाकडून आगाऊ घेतलेले पैसे), मुकादम आणि कोयता यांचं गणित ठाऊक नसतं.

उलट चांगल्या खुणाही असतात. तुमच्या वडिलांच्या पिढीनं काय सोसलं हे विचारणारा माणूस धरून ठेवा. १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि मराठवाड्यात वस्त्या जळाल्या. १४ जानेवारी १९९४ ला नाव बदललं तोवर मधे एक पिढी घाबरत मोठी झाली. ज्या घरात रात्री बाहेर गलका झाला की आई दिवा विझवायची, त्या घरातलं लेकरू आज पस्तिशीत गलक्यानं दचकत असेल, तर ते कुठून आलं हे शोधावं लागतं. मुस्लिम घरांत १९४८ च्या पोलीस ॲक्शनची, म्हणजे निजामाचं हैदराबाद भारतात आणणाऱ्या लष्करी कारवाईची आणि त्या वेळच्या हिंसेची आठवण अशीच दबून आहे. त्या हिंसेची पाहणी करणाऱ्या सुंदरलाल समितीनं सर्वाधिक हानी झालेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड धरले होते. आपण दरवर्षी १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिन साजरा करतो, आणि काही घरांत त्याच दिवसांबद्दल आजी काहीच बोलत नाही. दोन्ही एकाच गावात घडतं, आणि समुपदेशकाला हे दोन्ही ऐकून घेता आलं पाहिजे.

तीन-चार भेटी द्या. तरीही दर वेळी बाहेर पडताना आपण काहीतरी लपवून आलो असं वाटत असेल तर बदला. भांडायची गरज नाही. "मला दुसऱ्या कुणाकडे जायचंय, माझ्या नोंदी द्या" एवढं पुरे.

८. आपल्याच समाजाचा माणूस हवा का?

मिळाला तर पुष्कळ गोष्टी समजावून सांगाव्या लागत नाहीत, हा मोठा फायदा. पण मी तसा हट्ट धरायला सांगणार नाही. एक तर मराठवाड्यात अशी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. दुसरं, जिल्ह्याच्या गावी आपला समाज म्हणजे सगळे कुणाचे तरी पाहुणे. तुमच्या समुपदेशकाची मावशी तुमच्या गल्लीत निघते. आंतरजातीय लग्न, घरातली दारू, स्वतःच्या समाजातल्या पुढाऱ्यानं दिलेला त्रास असलं काही असेल तर परका माणूसच बरा पडतो. बाईला आपल्या समाजातल्या पुरुषाबद्दल बोलायचं असतं, तेव्हा "बाहेर आपलीच बदनामी होईल" ही भीती तोंड दाबते. ती भीतीही समुपदेशकाला सांगा.

९. दर्गा, देवी, भगत

शहरातले काही डॉक्टर हे ऐकलं की हसतात. तुम्ही सांगायचं सोडू नका. परभणीच्या तुराबुल हक दर्ग्यात किंवा माहूरला, तुळजापूरला जाऊन कुणाला बरं वाटत असेल तर जाऊ द्यावं, गोळ्या चालू ठेवून. चांगला डॉक्टर हेच म्हणतो. अंगात येणं हा प्रत्येक वेळी आजार नसतो, आणि प्रत्येक वेळी निव्वळ श्रद्धाही नसते. किती वेळ येतं, नंतर काय आठवतं, कामधंदा चालू राहतो का, यावरून डॉक्टर ठरवतील.

पण मारणं, साखळीनं बांधणं, मिरचीची धुरी देणं, उपाशी ठेवणं सुरू झालं की तिथून माणूस उचलून आणा. २०१३ चा महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा भूत उतरवण्याच्या नावाखाली होणारी मारहाण आणि बांधून ठेवणं हा गुन्हा ठरवतो. मानसिक रुग्णाला साखळदंड घालायला २०१७ च्या कायद्याचीही मनाई आहे. "गोळ्या बंद केल्या तरच गुण येईल" असं सांगणाऱ्याच्या दारी पुन्हा जाऊ नका.

१०. कायद्यातलं कामापुरतं

२०१७ च्या कायद्याचं कलम १८ सांगतं की मानसिक आरोग्य सेवा देताना जात, धर्म, संस्कृती, लिंग, वर्ग यांवरून भेदभाव करता येणार नाही. कलम ३ तर असंही सांगतं की माणसाच्या सामाजिक-आर्थिक दर्जावरून, किंवा तो कुठल्या सांस्कृतिक, वांशिक, धार्मिक गटाचा आहे यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येत नाही. घरच्यांना न आवडणारं लग्न केलं म्हणून कुणाला 'वेडी' ठरवून भरती करायला निघाले तर हे कलम कामाला येतं.

गुप्ततेचा हक्क कलम २३ मध्ये आहे, आणि आपल्या उपचारांच्या नोंदी मागायचा हक्क कलम २५ मध्ये. अत्याचाराची केस चालू असेल तर या नोंदी जपून ठेवा, वकील मागू शकतात. कलम १४ फार उपयोगाचं आहे: साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून तुम्ही आपला प्रतिनिधी नेमू शकता. तो नातेवाईकच असावा असं नाही, सज्ञान आणि विश्वासाचा असावा. वेळ पडल्यास तुमच्या वतीनं तोच बोलेल. बरे असतानाच हा कागद करून ठेवा.

तक्रार करायची असेल तर आधी रुग्णालयाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडे लेखी द्या, पोच घ्या, दाद लागली नाही तर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे. वकील लागला तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला आणि कुठल्याही महिलेला तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. फोन १५१००.

११. कोयत्यावर जाताना उपचार तुटू देऊ नका

दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. ज्या गोळ्या श्रावणात सुरू होतात त्या कारखान्याच्या फडात बंद पडतात, आणि आजार वसंतात दुप्पट होऊन परत येतो. हे टाळता येतं. निघायच्या पंधरा दिवस आधी डॉक्टरला सांगा की अमुक महिने बाहेर आहे. जास्त दिवसांच्या गोळ्या मिळतील का ते विचारा, आणि चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव ठळक अक्षरात लिहून घ्या. कंपनीचं नाव प्रत्येक दुकानात मिळत नाही, मूळ नावाची गोळी सांगली-कोल्हापूरलाही मिळते आणि बेळगावलाही. चिठ्ठीचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, आणि एक फोटो टोळीतल्या विश्वासाच्या माणसाच्या मोबाईलमध्येही.

लिथियमसारखी गोळी चालू असेल तर उन्हात घाम गळताना पाणी आणि मीठ कमी पडू देऊ नका, शरीरातलं पाणी घटलं की त्या औषधाचं प्रमाण रक्तात वाढतं. हात थरथरू लागले, उलट्या-जुलाब लागले, चालताना तोल जाऊ लागला तर सरळ दवाखाना गाठा आणि चिठ्ठी दाखवा. काही गोळ्यांनी पहाटे झोप अनावर होते. अंधारात कोयता हातात धरणाऱ्याला ते धोक्याचं आहे, म्हणून गोळी संध्याकाळी लवकर घेतली तर चालेल का हे आधीच विचारून घ्या.

समुपदेशकाशी फोनवर बोलायचं ठरवलं असेल तर वारही ठरवा. गाडी भरून गेल्यावर कोपीत (फडाजवळच्या खोपटात) कुणी नसतं अशी वेळ शोधावी लागते, ती बायकांना तर फारच कमी मिळते. तेवढी अर्धा तासाची वेळ मुकादमाकडे मागताना कारण सांगायचं बंधन नाही. "दवाखान्याचा फोन आहे" एवढं पुरतं.